क्रीडामंत्री महोदय, आमच्या विजेत्या पोरांना सामने द्या

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर. इथल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाने यंदा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद मिळवलं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे या विद्यापीठात येतात, म्हणजे अख्ख्या खान्देशात आमची पोरं पहिली आली. गुलाल उधळला गेला, पाड्यांवरून ढोल आले, रात्री उशिरापर्यंत गाव जागं होतं. मी याच कॉलेजकडून खेळलो. आता शेती करतो आणि सकाळी संघाबरोबर मैदानावर असतो. त्या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

महोदय, हे विजेतेपद मिळवायला आमच्या संघाला सगळे मिळून पाच सामने खेळायला मिळाले. स्पर्धा बाद पद्धतीची असते. आधी विभागात, मग आंतरविभागीय. जिंकत गेलो म्हणून पाच तरी झाले. पहिल्याच सामन्यात हरलेल्या कॉलेजचं वर्ष दीड तासात आटोपलं. त्या मुलांनीही जूनपासून घाम गाळला होता.

आमचं मैदान काळ्या मातीचं आहे. पावसाळ्यात चेंडू चिखलात रुततो, आणि पाऊस ओसरून ऊन लागलं की जमिनीला भेगा पडतात. बूट अडकून पाय मुरगळेल एवढ्या त्या रुंद होतात. पोरं संध्याकाळी माती चाळून भेगा बुजवतात, माझ्या विहिरीवरून टँकर आणून शिंपडतात आणि सामना असला की फक्की मारून रेषा आखतात. सराव सुरू व्हायच्या आधी तासभर हेच काम चालतं.

अंतिम सामना मात्र हिरवळीवर होता. पहिल्या हाफमध्ये आमचा एकेक पास पुढे निसटत होता, कारण काळ्या मातीत चेंडूला जेवढा जोर लागतो तेवढाच पाय सवयीने लावत होते. त्या गोंधळात एक गोल बसला. मध्यंतराला सरांनी इतकंच सांगितलं, "जोर निम्मा करा, चेंडू पायात ठेवा." दुसऱ्या हाफला कॉर्नरवरून बरोबरी झाली. मग बदली खेळाडू आत पाठवायची वेळ आली, तर त्याच्याकडे बूटच नव्हते. बाहेर येणाऱ्याने लाइनवर बसून लेस सोडल्या, याने पंजात कापूस कोंबून तेच बूट चढवले आणि रेफरी घड्याळाकडे बघत थांबले. त्याच पोराने डाव्या बाजूने दोघांना चुकवून चेंडू आत दिला आणि दुसरा गोल झाला. शिट्टी वाजली तेव्हा "जिकनूत रे भो!" म्हणत म्हातारी माणसंसुद्धा मैदानात धावली. असा दिवस आमच्या गावाने याआधी पाहिला नव्हता.

आणि तिथेच संघ संपला. आपल्या विद्यापीठीय रचनेत विजेतं कॉलेज पुढे जात नाही. सगळ्या कॉलेजांतून खेळाडू निवडून विद्यापीठाचा संघ बनतो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. आमचे चौघे निवडले गेले, त्याचा अभिमान आहे. बाकीच्यांनी विजेते असूनही त्या दिवशी बूट काढले ते पुढच्या वर्षासाठीच.

ते चौघे परत आले तेव्हा मी त्यांना खोदून खोदून विचारलं. दम कमी पडला नाही, असं चौघांचंही म्हणणं. डोंगर चढून शाळेत गेलेली पोरं आहेत ती. पण समोरच्यांना शेवटच्या वीस मिनिटांत कुठे उभं राहायचं हे विचार न करता कळत होतं. ते कळणार नाही तर काय? गोवा, मुंबई, पुण्याची मुलं क्लबच्या लीग खेळून आलेली असतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग चालते, पाटाकडील आणि प्रॅक्टिस या तिथल्या दोन संघांच्या सामन्याला गॅलरी भरते. तिथल्या मुलाच्या पायाखालून हंगामात जेवढे सामने जातात तेवढे आमच्या मुलाला तीन वर्षांच्या पदवीत मिळत नाहीत.

आपल्याला आठवत असेल, 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्याचे काही सामने नवी मुंबईत झाले. त्याआधी 15 सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळला गेला. तेव्हा पहिल्यांदा चेंडूला पाय लावलेली प्राथमिक शाळेतली मुलं आज कॉलेजात आहेत. शाळेत त्यांना निदान सुब्रोतो कप ही शाळांची फुटबॉल स्पर्धा होती, तालुका-जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या, आणि त्या आपलंच खातं घेतं. बारावी झाली की ही साखळी तुटते. कॉलेजचा खेळ विद्यापीठाकडे, विद्यापीठ उच्च शिक्षण खात्याकडे. "हा विषय आमच्याकडे येत नाही" हे उत्तर दोन्हीकडून मिळू शकतं, म्हणून आधीच विनंती करतो की ते उत्तर देऊ नये. खेळाडू तोच आहे.

माझी मागणी एका वाक्याची आहे: खान्देशात कॉलेजांची फुटबॉल लीग सुरू करा. जवळजवळच्या सहा कॉलेजांचा एक गट धरला आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर सामना खेळला, तर गटाचे 30 सामने होतात आणि दुबळ्यातल्या दुबळ्या संघालाही 10 मिळतात. खर्च म्हणजे एसटीचं किंवा क्रूझरचं भाडं, जेवण आणि रेफरींचं मानधन. मुलींचे संघही याच गाडीत, याच दिवशी नेता येतील.

तारखा मात्र जूनमध्येच जाहीर व्हायला हव्यात, आणि सामने रविवारी हवेत. याचं कारण मुंबईत बसून लक्षात येणार नाही. दसऱ्यापासून आमच्याकडे कापूस वेचणी असते. उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या एका बचावपटूच्या वडिलांनी सरांना विचारलं, "कापूस येचाले कोन जाई?" त्यांचं काही चुकलं नाही, पांढरं सोनं शेतात भिजलं तर वर्ष जातं. त्या दिवशी दोन मित्र त्याच्या जागी शेतात गेले तेव्हा तो खेळला. दिवाळीनंतर तर काही घरं मुकादमाची उचल घेऊन गुजरातला ऊसतोडीला जातात, आणि मुलगाही सोबत जातो. तारीख चार दिवस आधी कळली तर ही माणसं काहीच करू शकत नाहीत. चार महिने आधी कळली तर ती त्यातून वाट काढतात.

मैदानाबद्दल थोडंच सांगतो. 2022 मध्ये तालुका क्रीडा संकुलासाठीची अनुदानाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटी झाली. त्या पैशातून कमान आणि हॉल उभे राहण्याआधी 105 बाय 68 मीटरची सपाट जमीन, तिच्यावर चांगल्या मातीचा थर, हिरवळ, बोअर आणि एक कायमचा माळी एवढं करा. आणि ते मैदान सभा-लग्नांच्या मंडपाला देऊ नका. खांबांसाठी खणलेले खड्डे कोणी बुजवत नाही.

विद्यापीठाचं क्रीडा वेळापत्रक नवं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास ठरतं. आपलं खातं, उच्च शिक्षण खातं आणि विद्यापीठाचा क्रीडा विभाग यांची बैठक आपण मे महिन्यात बोलावली, तर पहिली लीग याच वर्षी सुरू होऊ शकेल. बैठक जळगावला असेल तर आम्ही स्वखर्चाने येऊ. विजेत्या संघातले सात जण पुढच्या वर्षीही कॉलेजात आहेत.

आपला नम्र,
सातपुड्याच्या पायथ्याचा एक शेतकरी आणि जुना खेळाडू