आधी दिवसांचा हिशेब मांडा

मा. संपादक,

अमेरिकेत एमएस करून डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये शिरू पाहणाऱ्यांच्या घरी फीचा हिशेब चोख असतो, दिवसांचा मात्र कुणी मांडत नाही. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, पण त्यात नोकरीविना एकूण ९० दिवसच चालतात. पुढचे २४ महिने हवेत तर अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या, यादीत असावा लागतो आणि कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्यांची कामाची पात्रता तपासणारी सरकारी यंत्रणा) असावी लागते. तो कोड आय-२०वर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देते त्या प्रमाणपत्रावर, छापलेला असतो. तिकीट काढण्याआधी पाहा.

मुलाखतीत मुले घसरतात ती एसक्यूएलवर, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेवर. प्रश्न साधा असतो: ‘नव्या ग्राहकांपैकी किती टक्क्यांनी ३० दिवसांत खरेदी केली?’ मुले लेफ्ट जॉइन (खरेदी नसली तरी प्रत्येक ग्राहकाची ओळ ठेवणारी जोडणी) बरोबर लावतात, पण खरेदीच्या तारखेची अट व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या भागात, घालतात. खरेदी न केलेल्यांची तारीख नल, म्हणजे रिकामी, असते. त्या ओळी गळतात आणि उत्तर येते १०० टक्के! अट ऑनमध्येच, म्हणजे जोडणीच्या अटींतच, हवी. हे डॅशबोर्डची प्रमाणपत्रे गोळा करून कळत नाही. खुला डेटासेट घेऊन हाताने क्वेरी लिहाव्या लागतात. आपल्या महाविद्यालयांनी हा सराव शेवटच्या वर्षीच करून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक डेटा विश्लेषक