तुमच्या दोन दुपारींबद्दल

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे नाव कुठेही छापायचे नाही, अशी तंबी तुम्ही परतीच्या विमानतळावरच मला दिली होती आणि ती मी पाळते आहे. तरीही हे पत्र एकट्या तुम्हाला न धाडता सर्वांसमोर ठेवते आहे, कारण आपल्या विंडसर्फिंग (शीड लावलेल्या फळीवर, म्हणजे बोर्डावर, उभे राहून वाऱ्याने जाण्याच्या खेळाच्या) क्लबच्या ग्रीसच्या सहलीत तुम्ही माझ्यासाठी काय केलेत, हे बरोबरच्या बहुतेकांना कळलेच नाही. त्यांनी पाहिले ते एवढेच, की बुधवारी ऐन वाऱ्यात तुम्ही लवकर परतलात आणि गुरुवारी तुमचे शीड किनाऱ्यावर पडून राहिले. कोणीतरी तुमचा गुडघा दुखत असल्याचेही सांगितले. तुमचा गुडघा ठणठणीत होता, हे आता मी लेखी नमूद करते.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही, त्यांना दोन दुपारी सोडण्यात विशेष काय, असे वाटेल. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील आपल्या जलाशयावर वारा असतो तेव्हा बहुधा पाऊसही असतो आणि ऊन पडते तेव्हा पानही हलत नाही. उरलेले सारे दिवस नोकरीचे. त्यामुळे वर्षभर पैसे साठवून, सुट्ट्या जुळवून आपण लेफ्काडा बेटाच्या दक्षिण टोकाजवळच्या वासिलिकीच्या उपसागरात जातो, ते तिथल्या दुपारच्या वाऱ्यासाठी. एका आठवड्याच्या सहलीत पूर्ण वाऱ्याच्या दुपारी चार मिळाल्या तरी माणसे खूश असतात. आपल्याला या वेळी तीनच मिळाल्या आणि त्यांतल्या दोन तुम्ही मला दिल्यात.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे यांवर हमखास प्रश्न यायचा. दिवसा जमीन तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा येतो, हे उत्तर मी पाठ केले होते. पण सोलापूरच्या मुलीला त्याचा पुढे काही उपयोग होईल, असे तेव्हा वाटले नव्हते. वासिलिकीत मात्र ते अर्धेच खरे ठरले. सकाळी समुद्राकडून मंद वारा येतो आणि माझ्यासारखे नवशिके त्यात वळणे गिरवतात. मग दुपारी तो पडतो. थोडा वेळ सगळे स्तब्ध होते, माणसे शीड बांधून वाळूत नुसती बसून राहतात, आणि मग पुस्तकातल्याप्रमाणे समुद्राकडून न येता वारा चक्क डोंगरावरून खाली उतरतो. आयोनियन समुद्रावर उन्हाळ्यात वाहणारा वायव्येचा वारा, ज्याला तिथे माइस्त्रो म्हणतात, तो तापलेल्या डोंगरउतारांवरून आणखी वेग घेऊन उपसागरात आडवा शिरतो, हे तुम्हीच मला वाळूत बोटाने नकाशा काढून समजावले होते. ब्रिटिश मंडळींनी त्याचे नाव एरिक ठेवले आहे. उपसागराच्या काठच्या पोंती गावाच्या बाजूचे पाणी आधी काळे पडते, मग त्यावर पांढऱ्या रेघा उमटतात आणि किनाऱ्यावर एकच गलका होतो, ‘एरिक आला!’ आपल्याकडे वळवाच्या पहिल्या सरीला अंगण जसे जागे होते, तसेच काहीसे ते असते.

बुधवारी तो आला तेव्हा मी वास्तविक किनाऱ्यावर थांबायला हवे होते. सकाळचा सराव चांगला झाला होता आणि त्या जोरावर मी जरा आतपर्यंत गेले. साधारण अर्ध्या उपसागरात पोहोचल्यावर डोलकाठीला बोर्डाशी जोडणारा रबरी सांधा तुटला. भाड्याच्या सामानात असे होऊ शकते आणि निघण्यापूर्वी तो तपासणे माझेच काम होते. दोष कोणाला देत नाही. गंमत अशी, की आदल्याच संध्याकाळी तुम्ही आम्हाला त्या सांध्याची गोष्ट सांगितली होती. डोलकाठी सर्व बाजूंना कलू देणारा तो सांधा हाच या खेळाचा प्राण. त्याचे पेटंट ड्रेक आणि श्वाइट्झर या दोघा अमेरिकनांनी घेतले. पण १९५८ मध्ये इंग्लंडच्या हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या शाळकरी मुलाने शीड लावलेली फळी आधीच चालवली होती, हे पुढे आल्यावर इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्यांचे ब्रिटिश पेटंट टिकू दिले नाही. ती गोष्ट ऐकताना मी हसले होते. दुसऱ्या दिवशी त्याच सांध्याचे दोन तुकडे माझ्यासमोर तरंगत होते.

बोर्ड एकीकडे, शीड दुसरीकडे आणि वारा मला आगिओफिलीच्या खडकांच्या दिशेने रेटतो आहे, अशा वेळी माणसाला पोहता येते की नाही, याला फारसा अर्थ उरत नाही. लहानपणी काकांनी पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून मला विहिरीत ढकलले होते. विहिरीला निदान चारही बाजूंनी काठ असतो. दोन्ही हात पसरून सावकाश वर-खाली करण्याची खूण मला पहिल्याच दिवशी शिकवली होती, पण बोर्ड सोडायचा धीर होईना आणि बोर्ड धरून दोन्ही हात मोकळे कसे ठेवायचे, हे सुचेना.

तुम्ही तेव्हा पूर्ण वेगात होता. दोन्ही पाय बोर्डावरच्या पट्ट्यांत, बोर्ड पाण्यावर जेमतेम टेकलेला. इतक्या वेगात जाणाऱ्याला पाण्यातले एक डोके दिसणे कठीण असते, आणि दिसले तरी गस्तीची बोट येईलच, असे समजून पुढे गेले तर कोणी बोल लावला नसता. तुम्ही मात्र वळलात, माझ्या वाऱ्याच्या बाजूला येऊन शीड पाण्यात टाकलेत आणि पहिला प्रश्न विचारलात, ‘जेवलीस का दुपारी?’ मी इतकी गोंधळले, की खरे उत्तर दिले. मग हार्नेसच्या (शीडाला अडकवायच्या कमरपट्ट्याच्या) खिशातून हातभर दोरी काढून तुम्ही माझी डोलकाठी बोर्डाच्या पट्टीला बांधलीत, मला बोर्डावर पालथे झोपवलेत आणि स्वतः उभे राहून खूण करत राहिलात. बोट यायला वीस मिनिटे तरी लागली असतील. तेवढ्या वेळात तुम्ही एंगलूवी नावाच्या डोंगरी गावातल्या प्रसिद्ध मसुरांची आमटी गोड्या मसाल्यात कशी लागेल, यावर बोलत होता. (शुक्रवारी ती केलीतही. उत्तम झाली होती. मीठ किंचित जास्त.)

त्या रात्री मी ठरवले होते, की उरलेले दिवस खुर्चीत बसून काढायचे. गुरुवारी वारा बुधवारपेक्षा सरस होता आणि तुमचे पाच चौरस मीटरचे शीड बांधून तयार होते. ते तसेच ठेवून तुम्ही मला छातीभर पाण्यात नेलेत आणि वॉटरस्टार्ट शिकवायला सुरुवात केलीत. पाण्यात पडून शीड वाऱ्याखाली धरायचे आणि त्याच्याच जोराने बोर्डावर उभे राहायचे, ही युक्ती अंगवळणी पडल्याशिवाय खोल पाण्याची भीती जात नाही, असे तुमचे म्हणणे. मी दर वेळी शीड अंगाशी ओढत होते आणि दर वेळी मागे कोसळत होते. ‘ओढू नकोस, वर उचल. जवळ घेतलेस की वारा सांडतो,’ हे एकच वाक्य तुम्ही किती वेळा म्हणालात, याची मोजदाद नाही. तुमचा आवाज एकदाही चढला नाही. समोरून आपली मंडळी सुसाट जात होती आणि तुम्ही त्यांच्याकडे बघायचे टाळत होता, हे मला दिसत होते. त्यामुळे आणखी अपराधी वाटत होते. सूर्य डोंगराआड जायच्या सुमारास एकदाच वाऱ्याने मला उचलले. मी चार-पाच सेकंद उभी होते आणि पुढच्या बाजूने तोंडावर आपटले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि म्हणालात, ‘आता पुढे पडलीस. ही प्रगती आहे.’

किनाऱ्यावर ‘आभारी आहे’ म्हणायला गेले, तर तुम्ही ओला वेटसूट माझ्या हातात देऊन पिळायला सांगितलेत. त्यामुळे ते म्हणायचे राहून गेले. ताई, त्या दोन्ही दुपारींबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे.

तुमची दोरी माझ्याकडेच राहिली आहे. खारट पाणी जावे म्हणून ती दोनदा गोड्या पाण्यात धुतली आणि सावलीत वाळवली आहे. येत्या रविवारी जलाशयावर आणून देईन. वारा असला तर तुम्ही निघण्यापूर्वी, नसला तर चहाच्या वेळी. माझ्या हार्नेसच्या खिशासाठी तेवढ्याच लांबीची एक मी विकत घेतली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
सहलीत सर्वाधिक वेळा पाण्यात पडलेली सभासद