कोडिंग क्लासनी पहिल्या प्रयत्नाचा निकाल जाहीर करावा

महोदय,

ठाणे स्थानकाबाहेर, तसेच वाशी आणि ऐरोली परिसरात वैद्यकीय कोडिंगच्या क्लासच्या जाहिराती अलीकडे फार दिसतात. बी.एस्सी., बी.फार्म. किंवा नर्सिंग झालेली मुले अमेरिकेतील विमा दाव्यांसाठी रुग्णांच्या नोंदींतील आजार व उपचारांना ठरावीक कोड देण्याचे काम तेथे शिकतात आणि ‘एएपीसी’ या अमेरिकी संस्थेची ‘सीपीसी’ ही प्रमाणपत्र परीक्षा देतात. ‘उत्तीर्ण होण्याची शंभर टक्के हमी’ हे वाक्य बहुतेक जाहिरातींत असते. मी ऐरोलीत हेच काम करतो आणि रविवारी कळव्यातील काही मुलांचा सराव घेतो, म्हणून या हमीविषयी लिहीत आहे.

परीक्षेत ४ तासांत १०० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी २ मिनिटे २४ सेकंद मिळतात; उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. कोडची पुस्तके जवळ ठेवता येतात, आणि फसगत नेमकी तेथेच होते. पुस्तक समोर असणार या भरवशावर मुले सराव टाळतात; प्रत्यक्षात शस्त्रक्रियेचा अहवाल वाचून, सूचीत नेमका शब्द शोधून, विभागाच्या आरंभीच्या सूचना व कंसातील टिपा तपासून उत्तरापर्यंत पोहोचायला सवय नसलेल्या हाताला पाच-सात मिनिटे सहज लागतात. ‘एक्सक्लूड्स वन’ (हे दोन कोड एकत्र देऊ नयेत) आणि ‘एक्सक्लूड्स टू’ (तो आजार या कोडमध्ये येत नाही, पण लागू असल्यास दोन्ही कोड देता येतात) या टिपांमधला फरक क्लासमध्ये सगळ्यांना सांगता येतो. घड्याळ चालू झाले की तोच सुटतो.

माझ्याकडे आलेल्या नापास मुलांपैकी बहुतेकांकडे स्वतःचे पुस्तक नव्हते. पुस्तके महाग असल्याने तिघांत एक प्रत घेतली जाते किंवा मोबाइलवरील पीडीएफवर काम भागवले जाते, आणि परीक्षेच्या आठवड्यात हाती कोरी प्रत येते. टॅब लावून आणि समासात पेन्सिलीने टिपा लिहून पुस्तक हाताखालचे करण्यातच निम्मी तयारी असते. त्यातच निदानाचे कोड दर १ ऑक्टोबरला आणि उपचारांचे १ जानेवारीला बदलतात. बाह्यरुग्ण तपासणीचा कोड ठरवण्याचे निकष २०२१ मध्ये आणि रुग्णालयातील भेटींचे २०२३ मध्ये बदलले, तरी त्याआधीच्या नोट्सच्या झेरॉक्स अजूनही हातोहात फिरत आहेत.

मराठी माध्यमाचा बाऊ मात्र विनाकारण केला जातो. ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणे, ‘ऑस्टॉमी’ म्हणजे शरीरावर नवे तोंड करणे. हे मूळचे ग्रीक शब्द इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही तितकेच परके असतात. क्लास संपल्यावर परीक्षा चार-सहा महिने लांबवणे त्याहून कितीतरी अधिक नडते.

म्हणूनच किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, किती जण परीक्षेला बसले आणि किती पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले, हे तीन आकडे क्लासनी जाहीर करावेत. निवडक मुलांनाच परीक्षेला बसवले, तर शंभर टक्के निकाल कोणालाही लावता येईल. चालू वर्षाची पुस्तके शुल्कातच द्यावीत आणि पूर्ण ४ तासांच्या किमान तीन सराव परीक्षा घ्याव्यात. ठाणे व नवी मुंबई महापालिकांनीही आपल्या अभ्यासिकांत या पुस्तकांचा एकेक चालू संच ठेवावा, म्हणजे क्लास निवडण्यापूर्वी मुलांना ती निदान चाळून पाहता येतील.

— एक वाचक, कळवा (ठाणे)