बावीस वर्षांपूर्वीच्या एका वादाविषयी

एडिसन, न्यू जर्सी
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये डिक चेनी यांचा अंत्यविधी झाला आणि तो मी घरी बसून शेवटपर्यंत पाहिला. जॉर्ज बुश बोलले, बायडन आले होते, कमला हॅरिसही होत्या; मात्र ज्या रिपब्लिकन पक्षाचे चेनी आठ वर्षे उपराष्ट्राध्यक्ष होते, त्याच पक्षाचे आजचे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष तेथे नव्हते. ते दृश्य पाहताना तुझी फार आठवण झाली. २००३ साली आपण न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या त्या दोन खोल्यांत राहत होतो आणि इराक युद्धावरून व त्याचा आग्रह धरणाऱ्या या लोकांवरून आपली भांडणे होत होती, तेव्हा ही माणसे एक दिवस आपल्याच घरात परकी होतील असे मला कुणी सांगितले असते, तर मी विश्वास ठेवला नसता.

धाकटीने शेजारी बसून विचारले, "बाबा, निओकॉन म्हणजे नेमके कोण?" तिचा जन्म त्याच वर्षीचा. तिने हा शब्द केवळ शिवी म्हणून ऐकला आहे, डाव्यांकडूनही आणि ट्रम्प यांच्या समर्थकांकडूनही. मी तिला सांगितले की निओकॉन म्हणजे नवपरंपरावादी, अमेरिकेच्या बळावर जगात लोकशाही रुजवावी असे मानणारे; आणि काटेकोरपणे पाहिले तर चेनी त्यांच्यापैकी नव्हते. चेनींना अमेरिकेच्या सामर्थ्याची काळजी होती, जगाला लोकशाही देण्याचा ध्यास त्यांना नव्हता. पण त्यांच्या आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या आधाराने ही निओकॉन मंडळी सत्तेच्या आत पोहोचली. स्वतःचे मतदार त्यांना कधीच नव्हते. होती ती नियतकालिके, अभ्याससंस्था आणि सिनेटरांच्या कचेऱ्या. या विचाराचे आद्य प्रवर्तक आयर्विंग क्रिस्टल आणि त्यांचे सोबती न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात डावे म्हणून वाढले. पुढे बुश यांचे संरक्षण उपमंत्री झालेले पॉल वुल्फोविट्झ आणि त्यांच्याच विचाराचे रिचर्ड पर्ल हे हेन्री जॅक्सन या डेमोक्रॅटिक सिनेटरच्या छायेत तयार झाले. रेगन यांच्या काळापर्यंत त्यांच्यापैकी अनेक जण रिपब्लिकनांकडे वळले आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर आपले गणित बरोबर ठरले अशी त्यांची खात्री झाली.

मला त्यांची भुरळ का पडली, हे मी तुला तेव्हा नीट सांगू शकलो नव्हतो. आणीबाणीत माझे वडील रेडिओचा आवाज बारीक करून बातम्या ऐकत आणि दारावर थाप पडली की बोलणे थांबवत, हे मी लहानपणी पाहिले आहे. त्यामुळे स्वातंत्र्य ही केवळ पाश्चात्त्यांची मिरास नाही, अरबांनाही ते तितकेच हवे आहे, असे वुल्फोविट्झ म्हणत तेव्हा ते थेट माझ्याशी बोलत आहेत असे वाटे. ग्रंथालयात बसून 'वीकली स्टँडर्ड' या त्यांच्या साप्ताहिकाचा प्रत्येक अंक मी वाचत असे. १९८६ साली फिलिपिन्समध्ये मार्कोस यांची राजवट संपली, तेव्हा वुल्फोविट्झ परराष्ट्र खात्यात होते, हा दाखला तर मी तुला शंभरदा ऐकवला असेन. त्यावर तू एवढेच म्हणाला होतास, "मनिलात रस्त्यावर तिथलीच माणसे उतरली होती. आणि सत्त्याहत्तरला आपल्याकडे कुणाचे रणगाडे आले होते का?" माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी चिडलो. १५ फेब्रुवारीला तू कडाक्याच्या थंडीत फर्स्ट ॲव्हेन्यूवरच्या युद्धविरोधी सभेला गेलास आणि परत आल्यावर मी तुला जे बोललो, ते आपण दोघांनीही पुढे कधी उच्चारले नाही.

त्यानंतर दहाच दिवसांनी लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीला सांगितले की युद्धानंतर इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. दोन दिवसांत वुल्फोविट्झ यांनी तो अंदाज पार चुकीचा ठरवला. राजवट उलथायला लागते त्याहून जास्त फौज नंतर शांतता राखायला कशी लागेल, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हते. या एका वाक्याकडे मी पुन्हा पुन्हा परत येतो. ज्यांना लोकशाही इतकी प्रिय होती, त्यांनी एखादे शहर रोज कसे चालते, पोलिसांचा पगार कोण देतो, पाणी आणि वीज कुणाच्या सहीने सुटते, याचा विचारच केला नव्हता. मे महिन्यात तिथले अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकचे सैन्य बरखास्त केले आणि लाखो माणसे हत्यारांसह, पगाराविना घरी बसली. पुढचे तुला ठाऊक आहे. सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक गेले आणि मेलेल्या इराकींची मोजणी लाखांच्या घरात जाते. ज्या महासंहारक अस्त्रांसाठी हे सारे केले, ती सापडलीच नाहीत. त्याच जुलैत वाजपेयी सरकारने इराकला फौज पाठवायला नकार दिला, तेव्हा दिल्ली कच खाते आहे असे मी तुला तावातावाने ऐकवले होते. त्या निर्णयाने आपल्या किती जवानांचे प्राण वाचले असतील, हे आज मनात येते तेव्हा मान खाली जाते.

निओकॉनांचा प्रभाव वादात हरल्यामुळे गेला असे मला वाटत नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी चूक कबूल केलीच नाही. तो गेला तो छोट्या गावांमधून, जिथली मुले सैन्यात भरती झाली होती आणि जिथली घरे वर्षानुवर्षे रिपब्लिकन मते देत आली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये दक्षिण कॅरोलायनात रिपब्लिकन इच्छुकांच्या वादसभेत ट्रम्प यांनी इराक युद्ध ही घोडचूक होती असे जॉर्ज बुश यांचे भाऊ जेब बुश यांच्या तोंडावर सांगितले. सभागृहात त्यांची हुर्यो उडाली. आठवड्याभराने त्याच राज्यातली पक्षाची प्राथमिक निवडणूक त्यांनी जिंकली. २०१८ च्या डिसेंबरात 'वीकली स्टँडर्ड' बंद पडले. २०२२ मध्ये वायोमिंगच्या मतदारांनी लिझ चेनी यांना त्यांच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत प्रचंड फरकाने पाडले, आणि प्रतिनिधिगृहातली ती जागा एकेकाळी त्यांच्या वडिलांची, डिक चेनींची होती. मला लिझ चेनींबद्दल आदर वाटतो. ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर झालेल्या हल्ल्याच्या चौकशीत त्या ज्या निर्धाराने उभ्या राहिल्या, त्याला तोड नाही. आयर्विंग यांचे पुत्र बिल क्रिस्टल यांच्यासारखे लोक आता डेमोक्रॅटिक उमेदवारांना पाठिंबा देतात. जॅक्सन यांच्या पक्षाकडे ते पन्नास वर्षांनी परतले, पण आता त्यांच्यामागे फौज नाही.

हे सारे पाहून तुला समाधान वाटत असेल आणि तो तुझा हक्क आहे. मला मात्र अर्धेच समाधान वाटते. या मे महिन्यात रियाधमध्ये ट्रम्प म्हणाले की तथाकथित राष्ट्रउभारणी करणाऱ्यांनी जितकी राष्ट्रे उभारली त्याहून कितीतरी अधिक मोडली. ते वाक्य ऐकून मी मनातल्या मनात हो म्हटले. पण ते बोलले गेले सौदी राजपुत्रासमोर, त्याच्या राजवटीची वाखाणणी करताना, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने इराणच्या फोर्दो आणि नतान्झ या अणुकेंद्रांवर गेली. म्हणजे बॉम्ब टाकायचे थांबलेले नाही. थांबले आहे ते एवढेच की ज्यांच्यावर बॉम्ब पडतात, त्यांनाही मत देण्याचा अधिकार असावा असे म्हणणे. त्या मंडळींनी एक चांगला शब्द रणगाड्यावर चढवून इतका मळवला की आज बगदादमध्ये किंवा काबूलमध्ये तो कुणी खऱ्या मनाने उच्चारला, तरी ऐकणारा आधी आकाशाकडे पाहील. याचे मला फार वाईट वाटते, कारण माझ्या वडिलांसाठी तो शब्द खरा होता.

जानेवारीत मी पुण्याला येतो आहे. त्याआधी एक गोष्ट लिहूनच सांगायची होती, कारण समोरासमोर मला ती बोलता येणार नाही. त्या शनिवारी रात्री तू बर्फाने भिजलेले बूट दारात काढत असताना मी तुला पळपुटा म्हणालो होतो. तो शब्द मी मागे घेतो.

तुझा,
क्वीन्समधला सोबती