नऊ पत्ते असले की राणी पडतेच असं नाही

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या ब्रिजच्या कोपऱ्यात परत तेच छापलंय, एखाद्या रंगाची राणी आपल्या जोडीकडे नसेल तर दोघांत मिळून त्या रंगाच्या आठ पत्त्यांवर फिनेस करा (म्हणजे राणी आपल्या आधी खेळणाऱ्याकडे आहे असं धरून गुलाम लावा) आणि नऊवर राणी पडावी म्हणून एक्का राजा वाजवा. अहो पण नऊ पत्ते असताना बाहेरचे चार पत्ते दोन्ही विरोधकांकडे दोन-दोन असायची शक्यता फक्त ४०.७ टक्के, तीन-एकची जवळपास ५०, कधीतरी एकटी राणी सापडते म्हणून वाजवणं ५३ च्या आसपास जातं आणि आधी एक मोठा पत्ता वाजवून मग फिनेस केला तरी ५१ च्या आसपास. म्हणजे फरक दोनेक टक्क्यांचा!

मागच्या आठवड्यात मी याच नियमावर चार इस्पिकचा करार घालवला. हातात एक्का गुलाम धरून पाच इस्पिक, डमीत (पार्टनरच्या उघड्या हातात) राजा धरून चार. डावीकडच्याने बोलीची सुरुवात तीन बदामने केलेली, म्हणजे त्याच्याकडे बहुधा सात बदाम, आमच्या दोघांकडे पाच, उजवीकडच्याकडे एकच. मग बाकी पत्त्यांना डावीकडे तेरापैकी सहा जागा, उजवीकडे बारा, राणी उजवीकडे असायची शक्यता सरळ दुप्पट. राजा वाजवला, डमीतून छोटं लावलं, उजवीकडून छोटं आलं आणि मी शहाणा गुलाम न लावता एक्का लावून बसलो, डावीकडून बदाम पडला. पार्टनर चहा संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नियमाच्या शेजारी बोली पण छापा.

एक वाचक, पुणे