कलामांचं घर 'वेळ असल्यास'?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला रामेश्वरमवरचा लेख वाचला. पेईकरुंबूच्या कलाम स्मारकाला अर्धं पान आणि मशीद गल्लीतल्या त्यांच्या घराला शेवटची एक ओळ : 'वेळ असल्यास घरही पाहता येते.' राहवलं नाही म्हणून लिहितो आहे.

हेच शब्द मी रामेश्वरमलाही ऐकले. आमच्या सहलीच्या छापील कार्यक्रमात 'डॉ. कलाम यांचे निवासस्थान' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. बस स्मारकापाशी थांबली, सगळ्यांचे फोटो काढून झाले आणि टूर मॅनेजर म्हणाला, "झालं की काका कलामांचं! घरात काय बघायचंय? जेवणाला उशीर होईल." बावीस कुंडांच्या स्नानाला अख्खी सकाळ, शंख-शिंपल्यांच्या खरेदीला हवा तेवढा वेळ, आणि देवळापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या घराला मात्र वेळ नाही. मी हट्ट धरला तर सहप्रवासीच माझ्यावर चिडले. शेवटी जेवण सोडून मी आणि पत्नी रिक्षाने गेलो. पैसे आधीच भरले होते, तरी वर रिक्षाचा खर्च. परत आल्यावर लेखी तक्रार केली, तिला आजतागायत उत्तर नाही.

स्मारकाला माझा विरोध नाही. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने ते बांधलं, २७ जुलै २०१७ रोजी पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं, कलामसाहेबांचं दफन तिथेच झालं आहे. तिथे नतमस्तक व्हायलाच हवं. पण तो मुलगा घडला तो मशीद गल्लीत. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, आईने केळीच्या पानावर वाढलेला सांबार-भात तो जेवायचा. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करायला तो चुलतभावाला मदत करायचा. वर्तमानपत्राने तरी हे विसरू नये, संपादक महाशय!

घराचं मूळ रूप आता राहिलेलं नाही हे खरं. मजले चढले आहेत, छायाचित्रं आणि सन्मानचिन्हं वरच्या मजल्यावर आहेत. म्हणून तर जुन्या घरात काय कुठे होतं याची नोंद हवी. त्यांचे थोरले बंधू शंभरी ओलांडून २०२१ मध्ये गेले. ते घर आतून माहीत असलेली माणसं आता किती उरली असतील?

मी ग्रंथपाल होतो, त्यामुळे दुसरी गोष्ट जास्त लागते. २०१५ मध्ये कलामसाहेब गेल्यावर दिल्लीतलं १०, राजाजी मार्ग हे निवासस्थान ज्ञानकेंद्र करावं अशी मागणी झाली, ती मान्य झाली नाही. तिथलं सामान रामेश्वरमला आलं, काही वस्तू दिल्ली हाट या तिथल्या हस्तकला बाजारातल्या स्मारकात गेल्या. एका माणसाचा संग्रह असा ठिकठिकाणी विभागला गेला, तर निदान सगळ्याची मिळून एक सूची हवी : कोणती वस्तू कुठे आहे, कुठून आली, कोणत्या वर्षीची. या कामाला फार पैसा लागत नाही. दाखलनोंद ठेवायची सवय असलेली दोन माणसं आणि चिकाटी पुरते.

आणि आपल्याकडचं काय? १५ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. नातवाच्या शाळेत गेल्या वर्षी फोटोला हार घातला, भाषणं झाली, मुलांना चिक्की वाटली आणि पुस्तकांचं कपाट कुलपातच राहिलं. किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर होते म्हणे. लहानपणी कलामांना गावातले एस. टी. आर. माणिकम स्वतःच्या संग्रहातली पुस्तकं वाचायला देत. आमच्या मुलांना त्यांच्या नावाच्या दिवशीही पुस्तक हाताळायला मिळू नये याचा मला संताप येतो.

येत्या १५ ऑक्टोबरला मशीद गल्लीतल्या घरावर सविस्तर लेख छापावा ही विनंती. त्यात देवळापासून घरापर्यंतचा रस्ताही द्या, म्हणजे सहलीला जाणाऱ्यांना टूर मॅनेजरवर अवलंबून राहावं लागणार नाही.

— एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा