सुध्याला पत्र : कांदा लावतोस तर हे वाच

नागपूर,
२८ ऑक्टोबर

प्रिय सुध्या,

तुझं पत्र पोचलं. संत्र्याशेजारचं वावर या रब्बीत कांद्याला द्यायचं म्हणतोस. दे, पण भारी काळ्या मातीत ते पीक लाड करून घेतं, एवढं ध्यानात ठेव.

त्याची मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. कपाशी खालून ओल ओढते, याला ते जमत नाही. म्हणून पाणी थोडं पण वरचेवर लागतं, गड्डा पोसताना तर फारच. आपल्याकडे काय करतात? वावराला भेगा पडेस्तोवर वाट पाहतात आणि मग पाट भरून सोडतात. भेगांनी मुळं तुटतात, एकदम पाणी मिळालं की कांदे फाटतात, जोड होतात. मग शिव्या बियाण्याला! उलट पाणी तुंबलं तर मुळं गुदमरून सडतात. म्हणून सपाट वाफे करू नकोस. १५ सेंटीमीटर उंच, १२० सेंटीमीटर रुंद गादीवाफे कर नि ड्रिप टाक. खर्च होईल, होऊ दे.

दुसरी भीती थंडीची. रोप पेन्सिलीएवढं जाड होऊन बसलं आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास आला, की ते फुलावर जातं, डेंगळे निघतात. असा कांदा कापून पाहा, मधोमध कडक दांडा लागतो. तो टिकत नाही, व्यापारी बाजूला काढतो. रोप पन्नासेक दिवसांचं झालं की लावून मोकळा हो. उशीरही नको बरं, नाहीतर मार्च-एप्रिलच्या उन्हात लवकर पक्व होऊन गोटीएवढाच राहील. कोरड्या उन्हात फुलकिडे येतात, पातीवर पांढुरके चट्टे दिसले की समज. अवकाळी पाऊस-गारा झाल्या तर पात फाटते, तिथून करपा रोग शिरतो. त्यापुढे आपलं काही चालत नाही.

निम्म्या कांद्यांच्या माना, म्हणजे गड्ड्यावरचा पातीचा बुडखा, पडल्या की काढणी. त्याआधी पंधरा दिवस पाणी तोड. ओल्या मानेचा कांदा साठवणीच्या चाळीत घातलास तर शेजारच्यांनाही सडवेल. सुकल्यावर मान इंचभर ठेवूनच पात काप.

माती तपासून घेतलीस का? खारवट निघाली तर बेत सोड, कांद्याला क्षार मुळीच सोसत नाहीत. रिपोर्ट आला की फोन कर. दिवाळीनंतर मी येतोच आहे, वाफे आखायला दोघं लागतील. काकूंना नमस्कार.

तुझा,
विज्या